पन्नाशीचा कल

पाकिटात सदतीस अहवाल असायला हवे होते, निघाले अडतीस. तिने पुन्हा मोजले. शुक्रवारची शेवटची तासिका संपून गेली होती, शिक्षकांच्या खोलीत पंख्याखाली वर्तमानपत्राचं एक पान एकटंच उडत-बसत होतं, आणि दहावीच्या कलचाचणीचे हे निकाल सोमवारी वाटायचे म्हणून ती नावं पडताळून घेत होती. अडतिसाव्या कागदावर नावाच्या जागी नुसतं ‘क्र. ३८’ छापलेलं होतं. असा कुणी विद्यार्थी आपल्या वर्गात नाही, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि मग एकदम तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. क्रमांक अडतीस म्हणजे ती स्वतः. तीन आठवड्यांपूर्वी चाचणीच्या वेळी वर्गावर लक्ष ठेवायला ती बसली होती. दीड तास. मुलं खाली मान घालून गोल रंगवत होती, बोलायचं नाही, फिरायचं नाही, वाचायला पुस्तक नाही. काही कोऱ्या प्रश्नपत्रिका उरल्या होत्या. वेळ जाईना म्हणून तिनेही पेन्सिल उचलली होती आणि एकशे वीस प्रश्नांची उत्तरं, कुणी बघत नाही म्हणून, अगदी खरीखरी दिली होती. मग गठ्ठा बांधताना तो कागदही आत गेला असणार. तिने चष्मा नीट केला आणि वाचलं. गणिती विचार: मध्यम. अध्यापनाकडे कल: कमी. दिशा, अंतर व अवकाश यांचे भान: उत्तम. सुचवलेली क्षेत्रे: भूमापन, नकाशे तयार करणे, रस्ते व कालवे यांची आखणी.

चोवीस वर्षं ती या शाळेत गणित शिकवत होती. तिला हसू आलं, म्हणजे हसायला हवं असं वाटून ती हसली, आणि त्या हसण्याचा आवाज रिकाम्या खोलीत तिलाच परका वाटला. कागद घडी करून तिने पिशवीत टाकला. घरी चालत जाताना मात्र तिच्या लक्षात आलं की आपण पावलं मोजतोय. शाळेच्या फाटकापासून चौकापर्यंत चारशे दहा, चौकापासून औषधांच्या दुकानापर्यंत एकशे पंचाऐंशी. ती रोजच मोजायची. कुणी जिना चढताना पायऱ्या मोजतात तसं, त्यात काय मोठंसं, असं आजवर वाटायचं. आज त्या मोजण्याची तिला जरा लाज वाटली, चोरून काही खाताना कुणी पाहिल्यासारखी.

ती बारा वर्षांची असताना त्यांच्या घरामागच्या मोकळ्या माळावर एक बाई आली होती. जाड बूट, उन्हाची टोपी, आणि तीन पायांवर उभी केलेली दुर्बीण. बरोबरचा माणूस लांबवर आकडे रंगवलेली पट्टी उभी धरून थांबायचा आणि ही बाई एक डोळा मिटून वहीत काहीतरी टिपायची. दोन दिवस ती नुसती कुंपणाला टेकून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी त्या बाईने न विचारताच बोटाने खूण केली, ये. दुर्बिणीला डोळा लावल्यावर तिला तिचं घर दिसलं, पण उलटं. छप्पर खाली, पाया आभाळात, आणि आई अंगणात कपडे वाळत घालत होती ती पाय वर करून. ओले टॉवेल दोरीवरून वरच्या दिशेला लोंबत होते. ती घाबरून मागे सरली. बाई हसली. म्हणाली, “यात जग उलटंच दिसतं. आठवडाभरात सवय होते बघ. मग सुलटं बघायचाच कंटाळा येतो.” एवढंच. चौथ्या दिवशी माळावर कुणी नव्हतं, फक्त गवतात चार खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि त्यांच्या डोक्याला लाल रंग. पुढे कित्येक दिवस ती एक डोळा मिटून घराकडे बघायची आणि ते उलटं करून पाहायचा प्रयत्न करायची. पण ‘मला हे काम करायचंय’ असं ती कुणाला म्हणाली नाही. म्हणजे मनातसुद्धा म्हणाली नाही. ते करण्याची गोष्ट आहे हेच सुचलं नाही; ती बघण्याची गोष्ट होती, आगबोटीसारखी. आणि पाच वर्षांनी मामा आला होता, निघताना दारात बूट घालता घालता आईला म्हणाला, “हिला गणिताला घाल. आकडेमोड चांगली आहे, मास्तरीण होईल, नाकासमोर आयुष्य जाईल.” बुटाची नाडी बांधून होईपर्यंत तिचं सगळं ठरून गेलं होतं. तिला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. मामा चांगला माणूस होता. आणि आयुष्य खरंच नाकासमोर गेलं, वर ते सुखाचंही गेलं, ही गोष्ट ती कधी नाकारणार नव्हती.

नवरा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा. हात धुऊन तो जेवायला बसला तेव्हा तिने कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो लांब धरून वाचला आणि खो खो हसायला लागला.

“यात हसण्यासारखं काय आहे?”

“अगं, यासाठी एवढे प्रश्न कशाला हवेत? मला विचारायचं. कुठल्याही नव्या घरात शिरलीस की आधी खोली पावलांनी मोजतेस. माझ्या बहिणीकडे गेलो होतो तेव्हा काय म्हणालीस? तुमची ही भिंत काटकोनात नाही. अजून ती त्या भिंतीकडे बघून चरफडते.”

“नव्हतीच काटकोनात.”

“तेच म्हणतोय मी.” मग तिचा चेहरा बघून त्याने आवाज खाली आणला. “मनाला लावून घेतलंस की काय?”

“नाही हो,” ती म्हणाली. पण लागलं होतं. भूमापनाचं नव्हतं लागलं, ते उलट आत कुठेतरी गोड वाटत होतं, विसरलेल्या मैत्रिणीचं पत्र यावं तसं. लागलं होतं ते दुसरंच. अध्यापनाकडे कल: कमी. शनिवारी सकाळी वह्या तपासताना, रविवारी केस विंचरताना, ते तीन शब्द तिच्याबरोबर फिरत राहिले. गणित न समजलेल्या मुलांचे चेहरे तिला आठवायला लागले. एक मुलगा होता, अपूर्णांक म्हटलं की त्याचे डोळे भरून यायचे. दोन वर्षं तिने त्याच्याशी झटापट केली आणि शेवटी तो शाळा सोडून गेला. एक मुलगी म्हणाली होती, बाई, तुम्ही खूप भरभर जाता. चोवीस वर्षांत अशी किती? आणि समजलेली मुलं? ती तर कुणीही शिकवलं असतं तरी शिकलीच असती. असं एकदा वाटायला लागलं की त्याला अंत नसतो. केस विंचरून झाले तरी ती आरशासमोर तशीच बसून राहिली होती, आणि बाहेरून नवऱ्याने दोनदा हाक मारली तेव्हा कुठे उठली.

सोमवारी तिने अहवाल वाटले. वर्गात कलकलाट झाला. कुणी वैमानिक निघालं, कुणी पशुवैद्य. जो बेडूक बघून बाकावर चढायचा तो शल्यविशारद निघाला आणि सगळा वर्ग त्याच्यावर तुटून पडला. फक्त खिडकीजवळची एक मुलगी कागद उलटा ठेवून बसली होती. तिला वर्गात सगळे ‘शिट्टी’ म्हणायचे, कारण गणित सोडवताना ती नकळत ओठांतून बारीक शिट्टी वाजवायची आणि उत्तर आलं की थांबायची. गणितात ती पहिली नव्हती, तिसरी-चौथी असायची. पण ज्या रीतीने इतर जायचे त्या रीतीने ती कधी जायची नाही. मधल्या सुट्टीत ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“बाई, माझ्यात कार्यालयीन व्यवस्थापन आलंय.”

“मग? तुला काय हवं होतं?”

“आवाजाचं गणित,” शिट्टी म्हणाली, आणि आपण चुकीचं बोललो की काय म्हणून घाईघाईने पुढे बोलू लागली. तिचे बाबा शिवणयंत्रं दुरुस्त करतात. दुकानात लहानपणापासून बसून बसून तिला यंत्राच्या आवाजावरून कळतं, सुई वाकली आहे की आतला दात झिजलाय. तिला हे शिकायचं होतं, की असं का कळतं. असं शिकून लोक कारखान्यात यंत्रांची नाडी बघतात, सभागृहं बांधतात, ऐकू न येणाऱ्यांसाठी यंत्रं बनवतात. तिने ग्रंथालयात वाचलं होतं. त्यासाठी पुढे गणित आणि पदार्थविज्ञान घ्यायला हवं. फॉर्म शुक्रवारी द्यायचा. “पण बाबांनी ठरवलंय, चाचणीत जे येईल तेच. ते म्हणतात, माणूस कौतुकापोटी खोटं बोलतो, मशीन बोलत नाही. बाई, तुम्ही सांगाल का त्यांना?”

एरवी तिने पटकन हो म्हटलं असतं. अशा पालकांशी ती कितीदा बोलली होती, आणि बहुतेक वेळा तिचं म्हणणं पटायचं. आज तिला ‘हो’ म्हणवेना. मी कोण सांगणार? ज्या यंत्राने या पोरीला कार्यालयात बसवलं, त्याच यंत्राने मला वर्गातून उठवलंय. तिचा कागद चुकीचा म्हणायचा तर माझाही चुकीचा म्हणावा लागेल, आणि मला तर माझा अर्धा कागद खरा हवा आहे. “बुधवारी शाळा सुटल्यावर बाबांना घेऊन ये,” ती म्हणाली, आणि वेळ मिळाला म्हणून तिला बरं वाटलं.

मंगळवारी तिने दहावीला मैदानावर नेलं. का नेलं ते तिला धड सांगता आलं नसतं. त्रिकोणमितीचा धडा चालू होता हे खरं, पण तो वर्षानुवर्षं फळ्यावरच व्हायचा. नवऱ्याकडून मोजपट्टी आणली होती, बांबूच्या तीन काठ्या, पुठ्ठ्याचा मोठा कोनमापक. म्हणाली, या मैदानाचा नकाशा काढायचा, आणि त्या टोकाच्या पाण्याच्या टाकीची उंची सांगायची, टाकीला हात न लावता. पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ. मग हळूहळू गट पडले, कुणी काठी धरली, कुणी एक डोळा मिटला. ती या गटातून त्या गटात धावत होती. बेडूकवाल्या शल्यविशारदाला कोन कळत नव्हता, तेव्हा तिने त्याला दोन्ही हात पसरून उभं केलं आणि मित्राला म्हणाली, याच्या हातांमधून टाकी बघ. दुसऱ्या गटाला तीच गोष्ट सावलीवरून सांगितली. तिसऱ्याला उघडणाऱ्या दारावरून. टाकीची उंची कुणाची अकरा मीटर आली, कुणाची साडेअकरा, एका गटाची चाळीस, आणि त्या गटाला आपलं काय चुकलं ते शोधून काढायला लावताना तिचा घसा बसला. मुख्याध्यापिका वरच्या खिडकीतून बघत होत्या, त्यांनी नंतर एवढंच विचारलं, “आज काय, सहल होती का?” उन्हाने तिचं नाक लाल झालं होतं, चपलांत माती गेली होती. नळाखाली पाय धुताना तिला जाणवलं की गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच आपण स्वतःचा विचार केलेला नाही. आणि त्याच वेळी, पाय अजून ओले असताना, तिला चाचणीतला एक प्रश्न स्वच्छ आठवला. ‘एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावून सांगायला तुम्हाला आवडते का?’ तिने ‘अजिबात नाही’ हा गोल रंगवला होता, जोर देऊन.

ती कपाटाकडे गेली आणि उरलेल्या कोऱ्या प्रश्नपत्रिकांतली एक काढून उभ्या उभ्या वाचू लागली. खरंच तसा प्रश्न होता. आणि तिचं उत्तरही खरं होतं. एकच गोष्ट तशीच पुन्हा सांगायचा तिला मनस्वी कंटाळा. म्हणून तर ती हात पसरायला लावायची, सावली धरायची, दार उघडायची. चोवीस वर्षं पायथागोरसचा सिद्धांत तिने चोवीस वेळा शिकवला असेल, पण एकदाही तसाच नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात एक मास्तरीण होती, एकाच सुरात पाढे म्हणून घेणारी. ती मास्तरीण तिला जमली नसती, हे यंत्राचं म्हणणं अगदी बरोबर होतं. मग तिने शिट्टीचं काय झालं असेल ते शोधलं, आणि तेही सापडलं. बाकी दिशा-अंतराच्या प्रश्नांपाशी ती थोडी थांबली. त्यांच्या बाबतीत काही उलगडा व्हायचा नव्हता. ते जसं होतं तसंच होतं. मामाच्या बुटाची नाडी बांधायला तेवढा वेळ लागला नसता, तर कदाचित ती आज कुठल्यातरी कालव्याच्या काठावर जाड बूट घालून उभी असती. तिने तो कालवा क्षणभर बघून घेतला. चांगला रुंद होता. त्याच्याकडे बघताना दुखलं, पण रडू यावं इतकं नाही.

बुधवारी शिट्टीचे बाबा आले. बोटांच्या पेरांत तेलाचे काळे दोरे, सदरा मात्र नुकता इस्त्री केलेला. मुलीला त्यांनी दाराबाहेर बसायला सांगितलं आणि पहिल्या बाकावर, बाकाला न पेलणारे गुडघे कडेला काढून, ते बसले.

“बाई, ती काय म्हणते ते मला माहीत आहे,” त्यांनी सुरुवात केली. “तुमची लाडकी आहे, तुम्ही तिच्याच बाजूने बोलणार. पण मी साधा माणूस. मला वाटतं म्हणून मी पोरीला कुठेही ढकलणार नाही. आणि तिला वाटतं म्हणूनही नाही. त्यापेक्षा कागद बरा.”

तिने पिशवीतून घडी काढली आणि त्यांच्यापुढे उलगडली. “हा वाचा.”

त्यांनी बोट फिरवत सावकाश वाचलं. “हे कुणाचं?”

“माझं.”

त्यांनी वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. बाहेर व्हरांड्यात शिट्टी पाय हलवत होती त्याचा आवाज येत होता. “म्हणजे,” ते जरा अवघडून म्हणाले, “तुम्ही चुकीच्या कामाला लागलात?”

हा प्रश्न ती शुक्रवारपासून टाळत होती, आणि आता तो इतका सरळ आला की तिला खोटं बोलणं सुचलंच नाही. “एक काम करायचं राहिलं, हे खरं आहे. ते मला आवडलं असतं. पण जे केलं ते चुकीचं होतं असं मला वाटत नाही. काल दुपारी विचारलं असतंत तर तेव्हाही नसतं वाटलं. कागदात खोटं काही नाही हो. त्यांनी विचारलं वेगळं, मी ऐकलं वेगळं, एवढंच.” मग तिने प्रश्नपत्रिका उघडली. “आता हे बघा. ‘यंत्रांच्या आवाजात काम करायला आवडेल का?’ तुमची मुलगी काय म्हणेल?”

“नाही म्हणेल. दुकानात सगळी मशीनं सुरू झाली की कान झाकते. ओरडते, बाबा, एकेक चालवा.”

“का?”

“कारण सगळी एकदम चालली की—” ते थांबले. त्यांनी तेलकट अंगठा दुसऱ्या बोटांवर घासला. “कारण मग कुठलं काय म्हणतंय ते तिला ऐकू येत नाही.”

“आणि हा पुढचा. ‘शांत जागी बसून काम करायला आवडते का?’”

त्यांनी त्या ओळीकडे पाहून हळूच मान डोलावली. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “पाच वर्षांची असेल. एक बाई मशीन घेऊन आली होती. मी दोन दिवस खोललं, जोडलं, काही सापडेना. ही खाली बसून खेळत होती. म्हणाली, बाबा, याला उचकी लागलीय. मी म्हटलं गप्प बस. तिसऱ्या दिवशी बघतो तर आतल्या चाकाचा एक दात तुटलेला. दर फेरीला एकदा अडखळायचं. उचकीच होती ती.” त्यांनी डोळे बारीक करून फळ्याकडे पाहिलं, फळ्यावर काहीच नव्हतं. “मी हे विसरलो नव्हतो बरं का. मला वाटायचं, बापाला आपल्या पोरीचं असंच वाटणार. त्याला काय अर्थ.”

“मला तिचा बाप व्हायची सोय नाही,” ती म्हणाली, “पण मला तसंच वाटतं.”

ते हसले. फॉर्म त्यांनी खिशातूनच आणला होता, चौकोनी घडी करून. लिहिण्याआधी त्यांनी तीनदा विचारलं, नक्की कुठल्या ओळीवर. आणि गणित, पदार्थविज्ञान असे शब्द एकेक अक्षर जोडत, चांगल्या वळणदार हस्ताक्षरात लिहून काढले. दार उघडून त्यांनी तो मुलीच्या हातात दिला. शिट्टीने वाचला, ओठांचा चंबू करून एक लांब श्वास सोडला आणि जिना दोन-दोन पायऱ्या उतरत खाली पळाली, बहुधा मैत्रिणींना सांगायला.

तिला वाटलं, आता तेही निघतील. ती कागद आवरू लागली. पण ते बाकाजवळच घुटमळत राहिले, कोऱ्या प्रश्नपत्रिकेचा कोपरा उचलत, पुन्हा खाली ठेवत.

“बाई, एक विचारू का? रागावू नका.”

“विचारा की.”

“हा माझ्यासारख्याला भरता येतो का? म्हणजे निकाल नको मला. कुठे पाठवायलाही नको. नुसता भरून बघतो.”

तिने ड्रॉवरमधून पेन्सिल काढली, टोक बघितलं, आणि त्यांच्या हातात दिली. ते पुन्हा बाकावर बसले, या वेळी गुडघे कसेबसे आत घालून. पहिले काही गोल त्यांनी भराभर रंगवले. मग वेग कमी झाला. ऊन खिडकीतून सरकत दुसऱ्या रांगेवर आलं होतं, खाली मैदानात पोरींचा आरडाओरडा चालला होता, आणि शिपाई दार बंद करायला आला तेव्हा तिने हातानेच त्याला थांबवलं. एकविसाव्या प्रश्नावर ते बराच वेळ अडले. बोट त्या ओळीखाली तसंच होतं.

“‘तुम्हाला बिघडलेली वस्तू दुरुस्त करायला जास्त आवडते, की नवीन वस्तू बनवायला?’” त्यांनी मोठ्याने वाचलं, आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं, वर्गातलं पोर पाहतं तसं. “बाई, याला वेळ लागेल.”

“लागू द्या,” ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.